मिडल स्कूलमध्ये ऑर्केस्ट्रा घ्यावा का, आणि शाळेतला टीचर चांगला आहे हे ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न असा: नुकतेच डॅलसजवळ राहायला आलात, मुलगी ऑगस्टमध्ये सहावीत जाणार, शाळेने इलेक्टिव्हचा फॉर्म पाठवलाय आणि त्यात बँड, ऑर्केस्ट्रा, क्वायर, आर्ट, थिएटर यातलं एक निवडायचंय. ती लहानपणापासून हिंदुस्थानी गाणं शिकतेय, तिला व्हायोलिन हवंय, आणि तुम्हाला धास्ती की गाणं बिघडेल, अभ्यासाचा वेळ जाईल, शिवाय एवढ्या पोरांच्या वर्गात कुणी नीट शिकवत तरी असेल का. मी इथल्याच एका पब्लिक मिडल स्कूलमध्ये बरीच वर्षं ऑर्केस्ट्रा शिकवतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आधी उत्तर देऊन टाकते: ऑर्केस्ट्रा घ्या. फक्त "माझी मुलगी व्हायोलिन शिकणार" एवढंच डोक्यात ठेवून घेऊ नका, ती चाळीस जणांच्यात बसून वाजवायला शिकणार आहे आणि ती गोष्ट घरी येणाऱ्या कुठल्याच सरांकडे मिळत नाही.

टेक्सासमध्ये सहावी ते आठवीच्या दरम्यान एक तरी फाइन आर्ट्सचा कोर्स करावाच लागतो, आणि पुढे हायस्कूल पास व्हायलाही एक फाइन आर्ट्स क्रेडिट लागतो. म्हणजे यातलं काहीतरी घ्यायचंच आहे, "वेळ वाया" हा मुद्दा तिथेच निम्मा संपतो. डॅलसजवळच्या बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या शाळांचा कारभार बघणारी संस्था) सहावी म्हणजे बिगिनर, वाद्य आयुष्यात कधी हातात न धरलेली पोरंच येतात. हा आठवड्यातून एकदाचा छंदवर्ग नाही बरं का, गणित-सायन्ससारखा टाइमटेबलमधला रोजचा किंवा दिवसाआडचा तास असतो, त्याला ग्रेड असते. सातवी-आठवीत मग पोरांच्या तयारीनुसार दोन-तीन ऑर्केस्ट्रा होतात, आणि शाळेआधी किंवा शाळेनंतर सेक्शनल्स, म्हणजे फक्त व्हायोलिनवाले किंवा फक्त चेलोवाले वेगळे बसून आपापला भाग पक्का करतात. एकेका टीचरकडे सगळे वर्ग मिळून दीड-दोनशे पोरं सहज असतात आणि त्यातले बरेच टीचर दिवसाचे एक-दोन तास जवळच्या हायस्कूललाही जातात.

एवढ्या पोरांना एकदम व्हायोलिन शिकवायचं ही कल्पना आपल्याला विचित्र वाटते कारण आपल्या डोक्यात गुरू समोर आणि शिष्य समोर असं चित्र असतं. पण ही पद्धत जुनी आहे. १८९० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या मेडस्टोनला शाळेतल्या पोरांना स्वस्तात वाद्यं देऊन वर्गात व्हायोलिन शिकवायला सुरुवात झाली, ते बघून बॉस्टनचे अल्बर्ट मिचेल यांनी १९१० च्या सुमारास तिथल्या पब्लिक शाळांत तसे वर्ग काढले आणि मग अमेरिकाभर पसरलं. आणि आपल्या जवळचंच उदाहरण हवं असेल तर गोवा बघा ना. तिथल्या चर्चच्या शाळांमधून मेस्त्रे, म्हणजे संगीताचे मास्तर, गावातल्या पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे, मुंबईच्या फिल्म स्टुडिओत नंतर जे कितीतरी व्हायोलिनवाले बसले ते तिथूनच आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच वातावरणातले, आणि प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते त्यांच्याकडे. त्यामुळे "ग्रुपमध्ये काय शिकणार" असं म्हणू नका.

आता वर्गात नक्की होतं काय ते सांगते, कारण पालकांना कॉन्सर्ट दिसतो, पहिले तीन महिने दिसत नाहीत आणि सगळं काम त्या तीन महिन्यांतच असतं. पहिले काही आठवडे बो म्हणजे गज हातातच देत नाही. बसायचं कसं, पाय कुठे, व्हायोलिन खांद्यावर कसं ठेवायचं, मान न आवळता हनुवटी कशी टेकवायची, आणि मग बोटांनी तार छेडायची, पिझिकाटो. बोची पकड आधी पेन्सिलवर शिकवतो. अंगठा वाकलेला हवा, करंगळी गोल होऊन वर टेकलेली हवी, मधली दोन बोटं सैल हवीत. ऐकायला सोपं वाटतं पण अकरा वर्षांचं पोर घाबरलं की पहिल्यांदा अंगठा ताठ होतो, अंगठा ताठ झाला की मनगट अडकतं, मनगट अडकलं की खांदा वर जातो आणि तारेतून किरकिर आवाज येतो. पालक म्हणतात वाद्य खराब आहे, पण दोष असतो अंगठ्यात. मी रांगांमधून फिरत एकेकीचा अंगठा आतून हलकेच टोचून बघते, वाकतोय का. हे पहिल्या सहामाहीत रोज, अगदी रोज करावं लागतं, कारण पोरं घरी जाऊन झोपून आली की हात परत जुन्या सवयीवर येतो. आठवीत जो ताठ अंगठा सुटत नाही तो सहावीत कुणी बघितलेला नसतो, बस.

त्यातच ट्यूनिंग असतं. सुरुवातीला पोरांना खुंट्या फिरवू देत नाही कारण ई तार फटकन तुटते, त्यामुळे तीस-पस्तीस वाद्यं टीचरच लावतो, तेही पाच मिनिटांत, नाहीतर तास तिथेच संपतो. हिवाळ्यात घराघरात हीटर लागले की हवा कोरडी होते, खुंट्या आपोआप सुटतात आणि सकाळी पोरं ब्रिज (तारांखालची घोडी) पडलेली वाद्यं घेऊन दारात उभी असतात. ब्रिज, तारा, खुंटीला लावायची पेस्ट हे सगळं टीचरच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि पुष्कळदा स्वतःच्या पैशाने आणलेलं असतं, हे पालकांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या गाण्याच्या मुद्द्याकडे येते. गाणं बिघडणार नाही, उलट तिला जी सवय आहे ती माझ्या निम्म्या वर्गाला नसते, तिला बेसूर ऐकू येतं. व्हायोलिनवर गिटारसारखे पडदे नसतात, सुरुवातीला आम्ही बोटं ठेवायच्या लांब पट्टीवर टेप लावतो पण टेप फक्त डोळ्यांना मदत करते, सूर कानानेच सापडतो. बिगिनर वर्ग जवळपास सगळीकडे डी मेजरने सुरू होतो कारण डी आणि ए या मधल्या दोन मोकळ्या तारा त्यात येतात, आणि डी मेजर म्हणजे डीला सा धरून सरळ शुद्ध स्वरांचं सप्तक, बिलावल थाट. तुमच्या मुलीला हे पहिल्याच दिवशी गाता येईल. मग काही आठवड्यांनी सी नॅचरल येतो, ए तारेवरचं दुसरं बोट मागे पहिल्या बोटाला चिकटवायचं, इथे इतर पोरं महिनाभर चुकतात. गाणाऱ्या मुलीला फक्त "डी सा असेल तर हा कोमल नी" एवढं सांगितलं की बोट आपोआप जागेवर जातं. मी स्वतः असं बघितलंय, आणि तमिळ-तेलुगू घरांतल्या कर्नाटक संगीत शिकणाऱ्या पोरांचंही तेच.

घरी एक करून बघायला सांगा. डी तारेवर तिसरं बोट ठेवलं की जी सूर येतो. तो अगदी बरोबर जागी लागला की शेजारची मोकळी जी तार, जिला तिने हातही लावलेला नाही, ती थरथरायला लागते, नुसत्या डोळ्यांनी दिसते. बोट केसभर हललं की थरथर बंद. सतारीच्या तरफा वाजतात त्याच कारणाने. ज्या पोराला हे एकदा दिसलं त्याला मी सुरात वाजव असं परत फारसं सांगावं लागत नाही.

अडचण दोन ठिकाणी येईल. एक म्हणजे सा. तिचा सा तिच्या गळ्यानुसार असतो, गुरुजी काळी पाच म्हणाले की काळी पाच, पण इथे ए म्हणजे ए, साधारण ४४० हर्ट्झ, सगळ्यांचा एकच, आणि प्रत्येक गाण्यात सा बदलणार पण सुरांची नावं बदलणार नाहीत. काही दिवस गोंधळ होतो, मग दोन्ही पद्धती डोक्यात वेगवेगळ्या बसतात. दुसरी म्हणजे मींड. गाणारी पोरं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, सवयच असते, पण बारा व्हायोलिनमध्ये एकटीच घसरली तर लगेच ऐकू येतं. तिला सांगायचं की ते चुकीचं नाही, ते इथलं नाही. आणि पुढेमागे तिला हिंदुस्थानी व्हायोलिन शिकावंसं वाटलं तर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून बसणं आणि तारा सा-प मध्ये लावणं हे वेगळं शिकावं लागेल, एन. राजम यांचं वादन बघा म्हणजे कळेल. पण पहिल्या वर्षी दोन्ही पकडी एकदम सुरू करू नका, हाताचा खेळखंडोबा होतो.

वाद्य कुठलं घ्यावं? तिला व्हायोलिन हवंय तर व्हायोलिन, पण फॉर्मवर दुसरी पसंती विचारतील तिथे व्हिओला लिहा आणि टीचरने व्हिओला सुचवला तर तोंड वाकडं करू नका, प्लीज. आपल्या लोकांत व्हिओला म्हणजे व्हायोलिन न जमलेल्यांचं वाद्य असा एक समज आहे आणि त्याला काहीही अर्थ नाही. व्हिओलाच्या तारा सी जी डी ए, व्हायोलिनपेक्षा एक पंचम खाली, आवाज भरदार, आणि ज्या मुलीचा कान चांगला आहे तिला मधल्या सुरावळीत बसवायला आम्ही मुद्दाम शोधत असतो कारण वरच्या व्हायोलिनची धून सगळ्यांनाच ऐकू येते, मधला सूर धरून ठेवायला कान लागतो. शिवाय व्हिओलावाले सगळीकडे कमी असतात, त्यामुळे पुढे हायस्कूलला, रिजनला (आसपासच्या शाळांतल्या निवडक पोरांचा ऑर्केस्ट्रा) जागा मिळणं तुलनेने सोपं. चेलो आणि बेसही बघा. बेसच्या तारा चार-चार सुरांच्या अंतरावर लावतात आणि पट्टी लांब, म्हणून डी मेजरचा शेवटचा नी-सा गाठायला बेसवाल्याला पहिल्याच वर्षी हात खाली सरकवावा लागतो, जे व्हायोलिनवाल्यांना खूप नंतर करावं लागतं. पोर धाडसी असेल तर मजा येते त्याला. बहुतेक शाळांकडे चेलो आणि बेस स्वतःचे असतात, शाळेत एक आणि घरी एक अशी सोय होते, बसमध्ये न्यायची कटकट नाही.

विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. सहावीत तीन-चतुर्थांश साइझ लागत असेल तर वर्षभरात फुल साइझ लागणार, पोरं वाढतात. तारवाद्यांच्या दुकानातून व्हायोलिन साधारण वीस-तीस डॉलर महिन्याने मिळतं, चेलो जास्त, आणि मोडतोडीचा इन्शुरन्स घ्याच. ऑनलाइन सत्तर-ऐंशी डॉलरला चकचकीत व्हायोलिन मिळतं ते अजिबात आणू नका, त्याच्या खुंट्या धरत नाहीत, ब्रिज जाडाभरडा असतो, पोर मेहनत करतं आणि आवाज काही केल्या लागत नाही, मग त्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. मला याचा फार त्रास होतो. आणि टेक्सासच्या उन्हात वाद्य गाडीत ठेवू नका, दहा मिनिटंसुद्धा नको, सरस वितळून सांधे उघडतात.

आता टीचर चांगला की नाही. आपले पालक काय बघतात, ट्रॉफ्या किती, वेबसाइटवर स्वीपस्टेक्स किती. हे बघू नका असं म्हणत नाही. यूआयएल म्हणजे टेक्सासमधल्या शाळांच्या स्पर्धा घेणारी संस्था, तिची ऑर्केस्ट्राची स्पर्धा वसंतात होते, तिची रचना मला आवडते, त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. स्टेजवर ठरलेल्या यादीतल्या रचना वाजवायच्या, तिथे तीन जज, मग दुसऱ्या खोलीत कधीही न बघितलेला कागद समोर येतो, टीचरला समजावून सांगायला ठरावीक मिनिटं मिळतात, पोरांनी तेवढा वेळ वाद्य वाजवायचं नाही, आणि मग थेट वाजवायचं, तिथे आणखी तीन जज. प्रत्येक जज एक ते पाच रेटिंग देतो, दोन्हीकडे एक आलं की स्वीपस्टेक्स. स्टेजवरच्या रचना महिनोन् महिने घोटता येतात, त्यामुळे मला विचाराल तर त्या दुसऱ्या खोलीतलं रेटिंग जास्त खरं बोलतं, पोरांना वाचता येतं की नुसतं पाठ आहे ते तिथे कळतं.

पण मी स्वतः दुसऱ्या शाळेच्या कॉन्सर्टला जाते तेव्हा शेवटच्या स्टँडकडे (नोटेशन ठेवायचा स्टँड, एकावर दोघं वाजवतात) बघते. सेकंड व्हायोलिनच्या अगदी मागच्या रांगेतलं पोर. पहिल्या स्टँडवरची दोघं बहुतेक बाहेर प्रायव्हेट लेसन घेणारी असतात, त्यांचं श्रेय टीचरला कमीच जातं. मागचं पोर फक्त शाळेत शिकलेलं असतं. त्याचा बो इतरांबरोबरच वर-खाली जातोय का, डावं मनगट कोसळून पट्टीला टेकलंय का, बो ब्रिज आणि पट्टी यांच्या मधोमध चाललाय की पट्टीवर घसरतोय, आणि ते खरंच वाजवतंय की नुसता हात हलवतंय, हे दोन मिनिटांत दिसतं. मागच्या स्टँडवरचं पोर आत्मविश्वासाने वाजवत असेल तर त्या शाळेत डोळे झाकून घाला. डिसेंबरमध्ये विंटर कॉन्सर्ट असतो, तोवर मुलगी वर्गात असेलच, पण मे महिन्यातला शेवटचा कॉन्सर्ट शक्य असेल तर जाऊन बघा, तिकीट नसतंच बहुधा.

दुसरं, टीचरला सरळ विचारा की सहावीत किती पोरं असतात आणि आठवीत किती उरतात. थोडी गळती सगळीकडे असते, कुणाला अॅथलेटिक्स हवं असतं, कुणी शिफ्ट होतं. पण निम्म्याहून जास्त गळत असतील तर कारण विचारायला हरकत नाही. आणि जमलं तर एखाद्या दिवशी वर्गाबाहेर उभं राहून ऐका. चांगला टीचर कमी बोलतो. थांबवतो, एकच गोष्ट सांगतो, परत नोटेशनमधले तेच चार बार (मात्रांचे गट) वाजवून घेतो आणि फरक ऐकू येतो. पाच मिनिटं भाषण आणि मग परत सुरुवातीपासून वाजवा असं असेल तर पोरं तीच चूक आणखी पक्की करत असतात.

प्रायव्हेट लेसनचं म्हणाल तर पहिल्या सहामाहीत नको. सगळे शून्यापासून सुरू करतात आणि दोन टीचर दोन तऱ्हेने अंगठा धरायला सांगायला लागले तर पोर कात्रीत सापडतं. जानेवारीनंतर तिला गोडी लागली असेल तर घ्या, बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये बाहेरचे टीचर शाळेतच येऊन अर्धा तास शिकवतात, ते स्वस्तही पडतं. घरी रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, रविवारी दोन तास बसवण्याने काही होत नाही. तुम्ही शेजारी बसून दुरुस्त्या करू नका, फक्त आठवड्यातून एकदा "या आठवड्यात काय नवीन?" विचारून ऐका. गाण्याचा रियाज सकाळी असेल तर व्हायोलिन संध्याकाळी ठेवा.

चेअरवरून, म्हणजे टेस्टनुसार ठरणाऱ्या बसायच्या क्रमावरून, पालकांचे इमेल येतात, आपल्या लोकांचे जरा जास्तच. माझी मुलगी सातव्या चेअरवर का, अमक्याची तिसऱ्यावर का. चेअर टेस्ट ही त्या दिवशीच्या एका उताऱ्याची असते. रिजन ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला तर जज पडद्याआड असतात, नाव नाही, चेहरा नाही, फक्त नंबर आणि आवाज. मुलीसमोर चेअरबद्दल काही बोलू नका. मागच्या स्टँडवर बसून पुढच्यांच्या बोकडे बघत आपला आवाज त्यांच्यात मिसळणं हे अवघड काम आहे आणि जी मुलगी ते मनापासून करते ती माझ्या दृष्टीने वर्गातली सगळ्यात भरवशाची वादक असते.

तारखांचं एक. वर्षभराच्या कॉन्सर्टच्या तारखा ऑगस्टमध्येच देतात आणि कॉन्सर्टला ग्रेड असते. त्या दिवशीच मंडळाच्या गणपती-दिवाळीच्या कार्यक्रमांशी जुळवून बघा आणि काही आड येत असेल तर तेव्हाच टीचरला कळवा, आदल्या दिवशी कळवलं तर तिचा भाग कोण वाजवणार? आणि टेक्सासमध्ये १९८४ पासून नो पास नो प्ले आहे, ग्रेडिंग पिरियडमध्ये एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं की बहुतेक स्पर्धांना जाता येत नाही. तुमच्या मुलीला याची चिंता नसेल, पण अभ्यास बुडेल या भीतीला हे उत्तर आहे, अभ्यास बुडू न देण्याची सोय कायद्यातच आहे.

शेवटचा प्रश्न कॉलेजचा. आठवीच्या जानेवारीत हायस्कूलचे कोर्स निवडताना सगळ्यात जास्त देशी पोरं ऑर्केस्ट्रा सोडतात, कारण घरी रँकचा हिशेब सुरू होतो. १९९७ च्या टॉप टेन पर्सेंट कायद्यामुळे (वर्गात रँक वरचा असला की राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश) इथे रँकला वजन आहे हे खरं, आणि ऑर्केस्ट्राला एपीसारखे, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या कोर्ससारखे, जास्तीचे पॉइंट बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत हेही खरं. पण काही डिस्ट्रिक्टमध्ये फाइन आर्ट्सचे काही क्रेडिट रँकमध्ये धरतच नाहीत, वरच्या वर्गात एपी म्युझिक थिअरी घेता येतं, आणि नियम दर डिस्ट्रिक्टचा वेगळा आहे. काउन्सेलरला हे आठवीत नको, सहावीतच लेखी विचारून ठेवा, म्हणजे तीन वर्षांनी ऐकीव माहितीवर कुणी तिच्या हातून वाद्य काढून घेणार नाही.